दिवंगत बाईंचे गाऱ्हाणे सभागृहात मांडू देण्याबाबत

प्रति,
मा. सभापती,
सिनेट सभागृह,
लेन्स्टर हाउस, डब्लिन.

अर्जदार : टर्लॉ हेनेगन, सिनेट सदस्य, कृषी गट, राहणार ड्रमकॉरी.

विषय : क्लूनबारा येथील दिवंगत श्रीमती सबिना लॉफ्टस यांनी स्वतःच्या अंत्यविधीच्या वेळी व त्यानंतर वेळोवेळी समक्ष येऊन केलेली विनंती सभागृहापुढे मांडण्यास दोन मिनिटे मिळण्याबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील माझी सूचना. २) ती परत करताना आपल्या कार्यालयाने मारलेला शेरा, "माहिती देणारी व्यक्ती हयात नसल्याने दाखल करता येत नाही."

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सादर करतो की, मी या सभागृहावर दुसऱ्यांदा निवडून आलेला सदस्य असून त्यापूर्वी ड्रमकॉरीच्या गुरांच्या बाजारात लिलाव पुकारत असे. मोठा घसा आणि माणसे नावानिशी ओळखण्याची सवय एवढ्या भांडवलावर मी राजकारणात आलो. दारू मी सोडलेली आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त टिंगल केलेली आहे. हे आधीच नमूद करतो, कारण पुढील मजकूर वाचताना आपण बाटलीचा किंवा खुळेपणाचा संशय घ्याल, आणि तो घेण्याचा आपला अधिकार मी मान्य करतो.

२. कामकाजाच्या सुरुवातीस सदस्याला आपल्या भागाचे एखादे गाऱ्हाणे मांडता येते व सरकारतर्फे त्याला उत्तर मिळते, या सवलतीचा मी पुरेपूर लाभ घेतला आहे. ड्रमकॉरीच्या डॉक्टरची रिकामी जागा, कुजलेला धक्का, शाळेची बंद पडलेली बस, भिंतींचा भुगा होत चाललेली घरे, सर्व मांडले. इस्पितळाच्या बोळात चाकांच्या खाटांवर पडून राहणारे म्हातारे आणि घर परवडत नाही म्हणून ऑस्ट्रेलियाला निघून गेलेली पोरे, हे देशाचे प्रश्नही तितक्याच मोठ्या आवाजात मांडले. ज्या खात्याचा मंत्री हवा तो सहसा येत नाही. जो मोकळा असेल तो येतो आणि दुसऱ्याच खात्याने लिहून दिलेला कागद वाचतो. आमच्या धक्क्याचे उत्तर मला क्रीडा खात्याने दिले होते. याबद्दल माझी तक्रार नाही. वाचून झाल्यावर तोच मंत्री बाहेर येऊन कालवडींचा भाव विचारतो आणि आम्ही दोघे चहा घेतो.

३. आता मूळ विषय. आपण स्वतः राजकारणात मुरलेले आहात, त्यामुळे आपल्याकडे नेत्याने मयताला जाणे किती महत्त्वाचे असते हे मी सांगायला नको. लग्नाला गेले नाही तर लोक विसरतात, मयताला गेले नाही तर नातवंडांपर्यंत लक्षात ठेवतात. चर्चच्या पहिल्या बाकावर नातेवाईक ओळीने बसतात आणि आपण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकाचा हात हातात घेत "तुमच्या दुःखात मी आहे" असे म्हणत पुढे सरकतो. श्रीमती लॉफ्टस यांच्या मयताच्या दिवशी मला दुसरेही एक मयत होते आणि आदल्या संध्याकाळी सभागृहात मतदान असल्यामुळे मी अंत्यदर्शनालाही गेलो नव्हतो. मी पोचलो तेव्हा पेटी बंद झालेली होती. बाईंना मी चेहऱ्याने ओळखत नव्हतो. त्यांच्या यजमानांची वासरे मी वर्षानुवर्षे लिलावात विकली, पण बाजारात त्या काळी बायका येत नसत.

४. बाकाच्या अगदी शेवटी तपकिरी कोट घातलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि सोडला नाही. विहिरीतून नुकत्याच काढलेल्या दोरासारखा तो हात गार होता. त्या म्हणाल्या, "टर्लॉ, किलीनावरून रस्ता नेतायत म्हणे. माझं बाळ आहे रे तिथं. त्यांनी उकरायच्या आत त्याला माझ्याजवळ आणून ठेव." मागे रांग तुंबली होती. अशा वेळी आपण सर्वच जे बोलतो ते मी बोललो, "माझ्यावर सोडा, बाई." तेव्हा कुठे त्यांनी हात सोडला.

५. दफन झाल्यावर बाईंचा पुतण्या मॅलकी लॉफ्टस याने मला प्रार्थनेची पुस्तिका दिली. तिच्या मुखपृष्ठावर मृत व्यक्तीचा फोटो असतो हे आपण जाणताच. तपकिरी कोट, डोक्याला रुमाल. मी मॅलकीला विचारले, "बाकावर शेवटी कोण बसलं होतं रे?"

तो म्हणाला, "मीच की."

"तुझ्या पलीकडे?"

"पलीकडे कुणी नव्हतं. तू मात्र रिकाम्या जागेशी हात मिळवलास, बराच वेळ. सगळ्या चर्चनं पाहिलं. आम्ही म्हटलं, पुढाऱ्याची खोड आहे, हात पुढं केला की मागं घेता येत नाही." आणि तो मयताच्या दिवशीही हसला. मीही हसलो, कारण दुसरे काय करावे ते सुचेना.

६. आपण शहरातले, म्हणून किलीन म्हणजे काय ते थोडक्यात नमूद करतो. बाप्तिस्मा होण्याआधी मेलेल्या बाळाला गावाच्या दफनभूमीत जागा मिळत नसे. बाप खोके उचलून कडेच्या एखाद्या पडीक तुकड्यात जाई, खड्डा करी, वर समुद्रकाठचा पांढरा गोटा ठेवी आणि घरी येऊन गुरांना चारा घाली. आईने तिथे जायचे नाही. बाळाला नाव नाही. पाद्री लिहून ठेवत नसे, जिल्ह्याची परिषद लिहून ठेवत नसे, घरातही कोणी त्याबद्दल बोलत नसे. आपल्या काकूला मूल झाले होते हे मॅलकीला माझ्याकडून कळले, आणि तो शेताच्या कुंपणावर बसून राहिला. क्लूनबाराचा किलीन समुद्राकडच्या उतारावर आहे. त्यावर कोणी कधी नांगर घातला नाही, कोणी एक काटेझुडूपही तोडले नाही. आता किनाऱ्याचा रस्ता रुंद होत असून त्याची एक बाजू त्या तुकड्यावरून जाते. रस्त्याची मागणी, हेही कबूल केले पाहिजे, मीच याच सभागृहात केली होती, आणि रस्ता खरोखर अरुंद आहे.

७. मी परिषदेच्या अभियंता ऑर्ला देव्हानी यांना भेटलो. मुलगी सज्जन आहे. सर्व ऐकून घेतले. नंतर म्हणाली, "सिनेटर, तिथं काही पुरल्याची नोंदच नाही. नोंद नाही म्हणजे माझ्या लेखी तिथं माती आहे. माती उकरायला मला परवानगी लागत नाही."

"आणि बाळाला तिथून हलवायला?"

"हलवायला परवाना लागतो. पण परवाना असलेल्या गोष्टीचा मिळतो. जे नाही ते हलवायची परवानगी मी कशी मागू?"

मी म्हणालो, "म्हणजे उकरता येईल, पण हलवता येणार नाही."

तिने मान खाली घातली. "कुठल्याही सरकारी कागदावर एक ओळ दाखवा. एकच. बाळाचं नाव आणि जागा. मी त्याच दिवशी खोदायचं यंत्र थांबवते, पुरातत्त्वाच्या उत्खननवाल्यांना बोलावते आणि परवान्याचा अर्ज स्वतः लिहिते. माझी आजीही त्याच गावची, सिनेटर."

८. दर शनिवारी ड्रमकॉरीत गॉहन यांच्या हॉटेलच्या मागच्या खोलीत मी लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. वास्तविक सिनेटरला लोक मत देत नाहीत, आम्हाला निवडतात ते परिषदांचे सदस्य, हे आपल्याला ठाऊक आहे आणि मलाही. गावाला मात्र ते पटत नाही. भिंतीकडेने खुर्च्या मांडलेल्या असतात. मयतानंतरच्या शनिवारी पाहतो तो हीटरशेजारची खुर्ची, जिच्यासाठी एरवी भांडणे होतात, ती रिकामी. डेलिया मंगन म्हणून एक बाई आहेत, घराच्या छपराच्या अनुदानासाठी येतात, संधिवाताने बेजार. त्या उभ्या होत्या. मी म्हटले, "डेलिया, बसा की तिथं."

"तिथं कशी बसू? बाई बसल्यात ना."

"कोण बाई?"

"मला काय ठाऊक. दिसत तर कोणी नाही." आणि त्यांनी बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला. "पण बसलेल्या माणसाच्या मांडीवर बसायची पद्धत आमच्याकडं नाही बाई."

माझ्या कार्यालयातील ग्रानिया हिने नकळत एक कप जास्तीचा भरून त्या खुर्चीशेजारी ठेवला. नंतर कप उचलायला गेली आणि हात झटकून मागे सरली. तेव्हापासून ती शनिवारी येत नाही. मला म्हणाली, "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. म्हणूनच येत नाही." तिचा युक्तिवाद मला तेव्हा कळला नाही, आता कळतो.

९. सर्व लोक गेले की बाई उठून माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसत. त्या वेळी मला त्या दिसत, चर्चमध्ये दिसल्या तशाच. विचारत, "काय झालं रे माझ्या कामाचं?" मी जे जिवंतांना सांगतो तेच त्यांना सांगितले. विषय विचाराधीन आहे. पाठपुरावा सुरू आहे. संबंधित खात्याशी बोलणे झाले आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाल्या, "जिवंत होते तेव्हा हेच ऐकलं. वाटलं, मेल्यावर तरी काही वेगळं ऐकायला मिळेल."

महोदय, मला सभागृहात अनेकांनी टोमणे मारले आहेत. इतका लागलेला टोमणा मला आठवत नाही.

१०. एका रविवारी दुपारी, चर्च सुटल्यावर, मी किलीनाकडे गाडी घेऊन गेलो. बाई फाटकाशी उभ्या होत्या. आयुष्यभर दर रविवारी त्या या फाटकावरून चर्चला गेल्या, मान सरळ ठेवून. "इकडं बघायचं नाही असं सासूनं सांगितलं होतं. बाळंतिणीला घराबाहेर पडायच्या आधी पाद्र्याचा आशीर्वाद घ्यावा लागे, आणि तो मिळेपर्यंत यजमान सगळं उरकून आले होते. एवढंच म्हणाले, काटेझुडपाच्या मुळाशी ठेवलंय, पांढरा दगड आहे, त्याच्या डाव्या अंगाला चीर आहे. पुन्हा कधी बोलले नाहीत." त्यांनी फाटकावर हात ठेवला. "जिवंतपणी आत पाऊल टाकायची छाती झाली नाही रे. मेले तेव्हा म्हटलं, आता मला कोण अडवणार?" आणि त्या आत शिरल्या. मी मागोमाग गेलो.

शेजारच्या कुरणात मॅलकीची गुरे होती. माझे अर्धे आयुष्य गुरांत गेले आहे, तेव्हा या बाबतीत तरी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा. सगळी गुरे कुंपणाला लागून उभी राहिली, सगळी तोंडे एकीकडे, आणि एकही रवंथ करीत नव्हते. वासरे आयांना लुचायची थांबली होती. बाई झुडपाशी खाली बसल्या. दगडाच्या डाव्या अंगाला चीर होती. त्या चिरेवरून त्यांनी बोट फिरवले, जसे आपण तान्ह्याच्या भुवईवरून फिरवतो. मग म्हणाल्या, "नाव ठेवलं होतं मी. मनात. यजमानांनाही नाही सांगितलं." आणि त्यांनी ते मला सांगितले.

मी तिथेच रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

११. यानंतर मी कामकाजाच्या सुरुवातीला क्लूनबाराच्या रस्त्याचा विषय मांडला. त्या दिवशी माझी जीभ कचरली. मी मोघम बोललो, "स्थानिकांच्या भावना" वगैरे. उत्तराला आलेल्या राज्यमंत्र्यांनी त्यांना दिलेला कागद वाचला की, सदर ठिकाणी दफन असल्याची नोंद उपलब्ध नाही. मी सहज वर प्रेक्षकांच्या सज्जात पाहिले. तपकिरी कोट. बाहेर पडताना दारावरचे सेवक फर्गल टिंपनी यांनी मला बाजूला घेतले. "सिनेटर, तुमच्या गावाकडच्या आजी वर येऊन बसल्या होत्या. पास नव्हता त्यांच्याकडं. नियमानं मी विचारायला हवं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"धीर झाला नाही. माझी आई अशीच बसायची, बसस्टॉपवर, आम्हा पोरांची वाट बघत." फर्गल यांच्यावर या कारणास्तव कोणतीही कारवाई होऊ नये, ही वेगळी विनंती.

१२. त्यावरून मी दुसरी, सविस्तर सूचना दिली. त्यात जागा लिहिली, दगड लिहिला. आपल्या कार्यालयाने विचारले, ही माहिती कोणाकडून मिळाली? खोटे लिहिता आले असते. "गावातील एक वृद्ध महिला" एवढे लिहिले असते तरी भागले असते. पण या बाईंच्या बाबतीत आयुष्यभर सगळ्यांनी तेवढेच लिहिले आहे. म्हणून मी बाईंचे नाव लिहिले, पत्ता लिहिला, आणि स्थिती या रकान्यात "दिवंगत" असे खरे लिहिले. सूचना परत आली. आपल्या कार्यालयाचा दोष नाही, मीही तिथे असतो तर हेच केले असते. मात्र फेरविचारासाठी काही गोष्टी नम्रपणे निदर्शनास आणतो.

गाऱ्हाणे सांगणारा माणूस जिवंत असला पाहिजे, असे सभागृहाच्या नियमांत कुठेही लिहिलेले नाही. मी ते दोनदा वाचले आणि एकदा ग्रानियाकडून वाचून घेतले. हे सभागृह मृतांसाठी उभे राहते, डोके झुकवते, त्यांच्याबद्दल तासभर भाषणे करते. त्यांच्याविषयी एवढे बोलणाऱ्यांनी त्यांचे एक वाक्य ऐकले तर पायंडा मोडतो असे मला वाटत नाही. शिवाय श्रीमती लॉफ्टस यांचे नाव मतदार यादीत आजही आहे, सार्वमताचे कार्ड त्यांच्या नावाने गेल्याच आठवड्यात मॅलकीकडे आले. मत मागण्यापुरत्या जिवंत आणि बोलण्यापुरत्या मृत, असे सरकारला एकाच बाईच्या बाबतीत दोन्हीकडून कसे म्हणता येईल? सरकारने एक निवडावे. कोणतेही निवडले तरी मी त्याचा मान राखीन.

आपण असेही म्हणाल की दुसऱ्या एखाद्या विषयाच्या आडून हेनेगनने दोन वाक्ये घुसडावीत, तो त्यात तरबेज आहे. तरबेज आहेच. पण त्या बाळाला एकदा चोरून नेलेले आहे. दुसऱ्यांदा त्याला चोरून आणायची माझी तयारी नाही. त्याने पुढच्या दाराने यावे, त्याच्या नावाची पुकार व्हावी, आणि आपण सभापती म्हणून "सिनेटर हेनेगन, आपल्याला दोन मिनिटे" असे म्हणावे. सभागृहात बोललेला प्रत्येक शब्द छापला जातो आणि सरकारी दप्तरात कायमचा राहतो. अभियंता बाईंना हवी असलेली एक ओळ ती हीच.

१३. यात माझा स्वार्थ कितपत आहे, हेही लपवत नाही. आमच्या परिषदेतील सदस्य एन्डा प्रंटी यांनी मला फोन केला. "टर्लॉ, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे खूप बघितले, पण मढ्याला चहा पाजणारा तूच. गावभर झालंय. रस्ता अडवलास तर आमची मतं विसर. मेलेल्यांना मत नसतं रे, आम्हाला असतं." मी म्हणालो, रस्ता अडवत नाही, चार दिवस थांबवतो. ते म्हणाले, चार दिवस आणि चार वर्षं यात परिषदेच्या कामात फरक नसतो. त्यांचे म्हणणे अनुभवाचे आहे. माझा हात दगडाखाली सापडला आहे, इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि निवडणूक तोंडावर आहे. तरी मी हा अर्ज लिहीत आहे, यावरून काय समजायचे ते आपण समजावे.

१४. घाई का, तर दोन कारणे. एक, सत्राची शेवटची बैठक येत्या गुरुवारी आहे आणि त्यानंतरच्या सोमवारी क्लूनबाराला यंत्र येते.

दुसरे कारण मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. बाई कमी होत चालल्या आहेत. दिसायला नव्हे. आधी त्या यजमानांचे नाव विसरल्या, "ते" म्हणायच्या. पुढच्या खेपेला चर्च विसरल्या. मग मला विचारू लागल्या, तू कुणाचा रे? मी सांगायचो, हेनेगनांचा, बाजारातला. "हो का," म्हणायच्या, आणि पुन्हा विचारायच्या. कामाची चौकशी करायचेही विसरल्या, नुसत्या बसायच्या. मरणानंतर माणसाला सगळे आठवते अशी माझी समजूत होती. तसे नाही. तिथे काय होते ते मला माहीत नाही, पण ज्या एका गोष्टीसाठी यायचे तेवढीच घट्ट धरून माणूस येत असावा, आणि बाईंची ती पकडही सुटत होती.

काल शनिवारी लोक पांगल्यावर त्या समोर आल्या. म्हणाल्या, "बाळा, मी इथं कशासाठी येते रे?"

मी सांगितले. किलीन सांगितला, झुडूप सांगितले, डाव्या अंगाची चीर सांगितली. त्या ऐकत होत्या, शेजारणीच्या घरची हकीकत ऐकावी तशा. शेवटी मी त्यांना बाळाचे नाव सांगितले. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "गोड नाव आहे. कुणाचं?"

मग त्या उठल्या, हीटरशेजारची खुर्ची नीट भिंतीला लावली आणि गेल्या. त्या पुन्हा येतील असे मला वाटत नाही. आज सकाळी गॉहन यांचा नोकर त्या खुर्चीवर पाय पसरून चहा पीत बसलेला मी पाहिला. मी त्याला उठ म्हणालो नाही. म्हणण्यासारखे तिथे काही उरले नव्हते.

१५. तेव्हा महोदय, परिस्थिती अशी आहे की ज्या बाईने हे नाव ठेवले तिलाही ते आता ठाऊक नाही, आणि साऱ्या जगात ते एका माणसाजवळ आहे. तो माणूस साठी उलटलेला, रक्तदाबाचा, आणि रोज अडीच तास गाडी हाकत डब्लिनला येणारा आहे. रस्त्यावर मी पूर्वी कधी घाबरत नसे. हल्ली प्रत्येक वळणावर मला वाटते, आता काही झाले तर दोघे जातील.

सबब, नम्र विनंती की येत्या गुरुवारी मला दोन मिनिटे द्यावीत. मी भाषण करणार नाही. सरकारवर टीका करणार नाही, रस्त्याला विरोध करणार नाही. फक्त उभा राहून सांगेन की कोण, कुठे, कोणत्या दगडाखाली, कुणाचा.

हे शक्य नसल्यास माझे काहीही म्हणणे नाही. नियम हे नियम आहेत. मात्र तसे झाल्यास नामंजुरी तोंडी किंवा फोनवर कळवू नये. कार्यालयाच्या कागदावर, जावक क्रमांक आणि शिक्का मारून, सोमवारपूर्वी पाठवावी. आणि विषयात "हेनेगन यांची विनंती" असे त्रोटक न लिहिता पुढील शब्द जसेच्या तसे लिहावेत, म्हणजे मला ते पत्र घेऊन क्लूनबाराला यंत्रापुढे उभे राहता येईल : "फेहीन लॉफ्टस, सबिना आणि मार्टन लॉफ्टस यांचा मुलगा, क्लूनबाराच्या किलीनात काटेझुडपाच्या मुळाशी, डाव्या अंगाला चीर असलेल्या पांढऱ्या दगडाखाली, याच्याविषयी सभागृहात बोलण्यास परवानगी नाकारण्यात येत आहे."

सभागृहाचा आणि त्या बाईंचाही शब्दाने बांधलेला,

टर्लॉ हेनेगन
सिनेट सदस्य

ड्रमकॉरी, रविवार

सोबत : १) श्रीमती लॉफ्टस यांच्या अंत्यविधीची पुस्तिका. २) अभियंता ऑर्ला देव्हानी यांचे पत्र. ३) दगडाचा फोटो. ४) उत्तरासाठी तिकीट लावलेले पाकीट.